एसेनकुलचा घोडा

आमच्या भागात वकीलबाई म्हणजे फुकटचा दवाखाना. लग्नाला जा, पाळण्याच्या जेवणाला जा, मांसाचं ताट पुढ्यात येण्याआधीच कोणीतरी शेजारी सरकून बसतं आणि ताईला हाक मारावी तसं हळूच म्हणतं, "नूरिपा एजे, एक विचारू?" मग तेच ते प्रश्न. ज्यानं काही केलंच नाही त्याला वकील कशाला लागतो? पोलिसांपुढे गप्प बसला म्हणजे केलंच असणार, नाही का? दोन्ही घरांनी आपसात मिटवलं की खटला बंद होतो ना? आणि शेवटी, डोळे बारीक करून हमखास विचारतात, की यानं खरंच केलंय हे ठाऊक असताना तू त्याला सोडवतेस, तर तुला झोप कशी लागते? मी सांगते, झोप मला छान लागते, तू आधी शेजाऱ्याच्या हद्दीत घातलेलं कुंपण मागे घे. सगळे हसतात. उत्तर मात्र कोणाच्या डोक्यात राहत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ज्या दिवशी पोलिसांची गाडी स्वतःच्या दाराशी थांबते, त्या दिवशी हेच प्रश्न रडत रडत विचारतात.

एसेनकुल मात्र रडला नाही. सारी-ओय गावचा तो सर्वांत मोठा आक्साकाल, वडीलधारा पंच. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, मेंढ्या दुसऱ्याच्या गवतात शिरल्या, की पोलिसांआधी त्याला बोलावत, आणि तो जे म्हणेल ते दोन्ही बाजू मान्य करत. असा माणूस माझ्या कचेरीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. डोक्यावरचा पांढरा कल्पाक सरळ, हात गुडघ्यांवर. पुढ्यातला चहा गार झाला तरी त्यानं त्याला हात लावला नाही.

त्याचा धाकटा मुलगा तिलेक त्या सकाळी पोलिसांनी उचलला होता. आदल्या दिवशी गावात लग्न होतं. तिथे शेजारच्या बुर्माकानचा मुलगा मेदेर दारू प्यायला आणि तिलेकच्या बहिणीबद्दल बोलला. बहीण सासरहून परत आलेली आहे. तिला सासरच्यांनी लगाम लावून पाहिला, पण घोडी मुळातच बिघडलेली, असं काहीतरी. तिलेकनं त्याची कॉलर धरली आणि सगळ्या मांडवादेखत त्याच्या तोंडात मारली. लोकांनी सोडवलं. जेवणं झाल्यावर दोघं एकाच रस्त्याने घराकडे निघाले, कारण घरं भिंतीला भिंत लागून. तिलेक घरी पोचला. मेदेर सकाळी पुलाखाली दगडांवर सापडला, डोकं फुटलेला. बुर्माकान विधवा बाई, आणि मेदेर तिचा एकुलता एक.

मी कोठडीत गेले तेव्हा तिलेक भिंतीला पाठ लावून उभा होता. दणकट गडी, मेंढ्यांची लोकर कातरणारा, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता. तो मला जे बोलला ते खरं तर माझ्यापाशीच राहायला हवं, कायदा तसा आहे. नंतर त्यानं परवानगी दिली म्हणून सांगते. पुलापर्यंत दोघं काही न बोलता चालले. पुलावर मेदेरनं त्याच्याकडे सिगारेट मागितली, त्यानं दिली. मेदेर कठड्यावर बसला, हा पुढे निघून गेला. एवढंच. त्या पुलाचा कठडा गुडघ्याएवढासुद्धा नाही, आणि मेदेर किती प्यायला होता ते सगळ्या लग्नानं पाहिलं होतं.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवावाच लागतो असं नाही, तो ठेवल्याशिवायही मी काम केलं असतं, पण ठेवला. आणि त्याला सांगितलं, आता जिभेला गाठ मार. माझ्याशिवाय एक शब्द नाही, एक सही नाही.

"गप्प बसलो तर ते म्हणतील, यानंच केलंय," तो म्हणाला.

"म्हणू देत. सिद्ध त्यांनी करायचंय. तू काही सिद्ध करायचं नाहीस."

त्यानं ऐकलं. तपास अधिकाऱ्यानं त्याला गोड बोलून पाहिलं, उभं ठेवून पाहिलं, घरच्यांची भेट बंद केली. हा गप्प. डॉक्टरांनी लिहून दिलं की जखम पडून झालेली असू शकते, मारूनही झालेली असू शकते. पाहिलेलं कोणीच नव्हतं. उरलं काय, तर मांडवातली एक थप्पड. थप्पडीवर खुनाचा खटला उभा राहत नाही. मी मनातल्या मनात जरा खूश होऊ लागले होते, आणि ते कधीच करू नये.

इकडे बुर्माकानच्या अंगणात शोकाचा तंबू लागला होता. सगळं गाव जाऊन आलं. दूरच्या खिंडीपलीकडून माणसं घोड्यांवरून आली. फक्त भिंतीला भिंत असलेलं एक घर गेलं नाही. बुर्माकान तंबूत भिंतीकडे तोंड करून विलापगीत म्हणायची आणि ते एसेनकुलला त्याच्या ओसरीवर ऐकू यायचं. दोन दिवस त्यानं काढले, मग पुन्हा माझ्याकडे आला. जाऊ का, म्हणाला.

मी नाही म्हटलं. समजावून सांगितलं, की आता तुमचा प्रत्येक शब्द मुलाच्या गळ्यात बांधला जाईल. खटला संपू दे, मग जा आणि हवं तितकं रडा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. इतक्या शांतपणे, की मला वाटलं पटलं.

"मेदेर माझ्या घरात दूध पिऊन मोठा झालाय, पोरी. त्याच्या बापाचं थडगं मी खणलं. आता त्याच्या दारात मी गेलो नाही, तर मी कोण?"

"तिलेकचा बाप."

"तो मी आहेच," तो म्हणाला आणि उठला. "कायदा तुझा. उंबरा माझा."

सातव्या दिवशी तो गेला. मी तिथे नव्हते, पण पाहिलंय, कारण कोणीतरी फोनवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या प्रत्येक फोनवर होतं. एसेनकुल आपला स्वतःचा घोडा लगामाला धरून चालत येतो. बसायला तोच एक घोडा होता त्याच्याकडे, तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. अंगणाच्या तोंडाशी येताच आमचे पुरुष रडतात तसा तो मोठ्यानं हंबरडा फोडतो, अरे माझ्या लेकरा, अरे माझ्या पाठीच्या कण्या. मग तंबूपुढे येऊन शोकाच्या जेवणासाठी म्हणून लगाम तिच्या माणसांच्या हाती देतो आणि डोक्यावरचा कल्पाक काढून जमिनीवर ठेवतो. मी त्या माणसाचं उघडं डोकं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नसेल. गुडघ्यांवर बसतो आणि मान खाली घालून म्हणतो, "आमच्या घरामुळे तुझ्या घरात अंधार झाला, बुर्माकान. ही मान तुझ्यापुढे आहे. मार किंवा माफ कर."

आमच्यात म्हण आहे, वाकलेल्या मानेवर तलवार चालत नाही. बुर्माकान काळा रुमाल बांधून बाहेर आली. मग तिनं जमिनीवरचा कल्पाक उचलला, झटकला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. अंगणात बसलेले सगळे रडले. ते पाहताना मीही रडले. आणि रडता रडताच मला कळलं की माझा खटला बुडाला. म्हातारबुवांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. म्हण झाली तेव्हा जगात तलवारी होत्या, सरकारी वकील नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी खिंडीपलीकडच्या न्यायालयात होते. तपास अधिकाऱ्याला ते चांगलं ठाऊक होतं. त्यानं तिलेकला खोलीत आणलं आणि माझ्या जागी एका वकिलाला बसवलं. हा गृहस्थ ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावरच राहतो असं म्हटलं तरी चालेल. बोलावलं की येतो, सही करतो, पुन्हा बाकावर जातो. कायद्यात लिहिलंय की आरोपीजवळ वकील हवा. जागा असावा असं लिहिलेलं नाही.

तिलेकला फोनवर बाप दाखवला. घोडा, उघडं डोकं, गुडघे. तो म्हणाला, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. मग अधिकारी प्रेमाने म्हणाला, बघ, मोठ्यांनी सगळं मिटवलंय. तुझा बाप बोललाय, तिनं माफ केलंय. आता तू तेवढं लिहून दे, म्हणजे गवत कापणीपर्यंत घरी. हे धडधडीत खोटं होतं. थप्पड असती, मेंढी चोरली असती, तर घरांनी मिटवल्यावर संपलं असतं. माणूस मेला तर सगळ्या गावानं माफ केलं तरी सरकार माफ करत नाही. व्हरांड्यातल्या वकिलानं एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिलेकनं लिहून दिलं, पुलावर पुन्हा भांडण झालं, मी ढकललं.

मी पोचले तेव्हा शाई वाळली होती. मी त्याच्यावर ओरडले, आरोपीवर ओरडू नये, तरी ओरडले. तू ढकललंस का? त्यानं मान हलवली, नाही. मग का लिहिलंस?

"आकेंनी कल्पाक काढला, एजे. लोकांसमोर." बापाला आके म्हणताना त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "त्यांना वाटतंय मीच मारलं. नाहीतर काढला असता का? आता मी नाही म्हटलं तर लोक म्हणतील, एसेनकुल शोकाच्या दारात खोटं बोलला. ह्या वयात त्यांना कोण विचारील मग?"

"आणि तू? तुला वर्षं काढावी लागतील तुरुंगात."

"मी तरणा आहे," तो म्हणाला.

तिथून मी थेट सारी-ओयला गेले. एसेनकुल रिकाम्या तबेल्याची दारं दुरुस्त करत होता. आक्साकालाशी जसं बोलायचं असतं तसं मी बोलले नाही. म्हटलं, तुम्ही तुमच्या पोराला खुनी ठरवून आलात, आणि त्यानं तुमची अब्रू राखायला ते लिहून दिलं. म्हाताऱ्यानं हातोडा खाली ठेवला. त्याला माझं बोलणं कळतच नव्हतं.

"मी कुठे म्हटलं त्यानं मारलं?"

"मग माफी कसली मागितलीत? घोडा कसला दिलात?"

"संध्याकाळी माझ्या पोरानं तिच्या पोराच्या तोंडात मारली, सगळ्यांसमोर. सकाळी ते पोर मेलं. मधे काय झालं ते अल्लाला ठाऊक. पण तिच्या लेकाच्या आयुष्यातलं शेवटचं जे लोकांनी पाहिलं, ती माझ्या घरची थप्पड होती. त्यासाठी मान वाकवायची नाही? आधी चौकशी करायची, मग रडायला जायचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच मला त्याचा इतका राग आला. तिलेकला मी सांगितलं की बाप तुला खुनी मानत नाही. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही वकील आहात, तुम्ही असंच सांगणार. भेटी बंदच होत्या. बापाच्या तोंडून ऐकल्याशिवाय हा कबुली मागे घेणार नव्हता, आणि बापाचं तोंड त्याला दिसणार होतं ते एकाच ठिकाणी. मी एसेनकुलला साक्षीदार म्हणून बोलावलं.

खटल्याच्या दिवशी सारी-ओय गाव बाकांवर दाटीनं बसलं होतं. बुर्माकान पहिल्या रांगेत. तिलेक लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात, बापाकडे न बघता. न्यायाधीशांनी एसेनकुलला नियमाप्रमाणे सांगितलं, की मुलाच्या खटल्यात साक्ष देण्याची तुमच्यावर सक्ती नाही, गप्प राहिलात तरी चालेल. गप्प राहणं त्याला सोपं होतं. नुसता गप्प राहिला असता तरी अब्रू शाबूत राहिली असती. तो म्हणाला, बोलतो.

आणि बोलला. तबेल्यापाशी मला जे सांगितलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. मी पिंजऱ्याकडे बघत होते. तिलेकनं मान वर केली. बापाच्या एकेका वाक्याबरोबर त्याचा चेहरा मोकळा होत गेला, आणि मला वाटलं, झालं, आता हा उठून सांगेल.

सरकारी वकील तरुण होता, राजधानीत शिकलेला. त्यानं एवढंच विचारलं, घोडा दिलात की नाही? दिला. निर्दोष माणसाचा बाप घोडा देतो का? एसेनकुल म्हणाला, आमच्यात देतो. मागे कोणीतरी हसलं.

तेवढ्यात बुर्माकान उठली. न्यायाधीशांनी बसायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

"त्या घोड्याचं मांस मी चाळिसाव्या दिवशी गावाला वाढलं, एसेनकुल. माझं लेकरू ज्याच्या हातून गेलं त्याच्या घरचं म्हणून वाढलं. मी माफ केलं असं ताटागणिक सांगितलं. ते सांगितल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली. आता म्हणतोस तसं नव्हतं. मग मी माफ कोणाला केलं?"

सारी-ओयच्या सगळ्या भांडणांचा निवाडा करणारा माणूस तिच्यापुढे उभा होता. त्याचा हात कल्पाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. काढावा की नाही, हेच त्याला कळेना. बाकांवर बसलेले सगळे ते मांस खाऊन आले होते, त्यामुळे कोणी त्याच्याकडे बघेना.

पिंजऱ्यातून तिलेक बुर्माकानला म्हणाला, "आपा, बसा. त्यांना विचारू नका. मी लिहून दिलंय ते खरं आहे."

मी उठले, हरकत घेतली, तहकुबी मागितली. न्यायाधीशांनी तिलेकला थेट विचारलं, कबुली कोणाच्या दबावाखाली दिली का? नाही. मागे घ्यायची आहे का? नाही. आरोपीला शेवटचा शब्द बोलायचा हक्क असतो, तो त्यानं वापरला तो असा: लिहिलंय तेच. सगळे हक्क त्याला दिले गेले. एकही राहिला नाही.

नऊ वर्षं. वाचायला वेळ लागला नाही. पोलीस पिंजऱ्याचं कुलूप काढत होते तेव्हा एसेनकुल बाकांमधून वाट काढत पुढे आला आणि गजांना धरून उभा राहिला. मला वाटलं निरोप घेतोय. पोराला नेलं त्या सकाळी हा कुरणावर होता, नंतर भेटू दिलं नाही. त्या लग्नानंतर बाप-लेक पहिल्यांदाच इतके जवळ आले होते.

"तिलेक," तो म्हणाला. "मेदेरला तू मारलंस?"

न्यायाधीशांच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोललेल्या त्या पोरानं बापापुढे गजांना कपाळ टेकवलं.

"नाही, आके. मी निघालो तेव्हा तो कठड्यावर बसून गात होता."

एसेनकुल वळला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. उठून आत निघालेल्या न्यायाधीशांना तो म्हणाला, "मी विचारलं. तो नाही म्हणाला. माझ्याशी तो खोटं बोलत नाही. लिहून घ्या." न्यायाधीश वाईट माणूस नव्हे. ते थांबले, म्हणाले, आक्साकाल, कामकाज संपलंय, आता वर अपील करा, आणि आत गेले. एसेनकुल लिहिणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी गेला. तिनं यंत्र बंद केलं होतं. तो तिला हळू आवाजात सांगत राहिला, एवढं एकच लिही, बाळ, बाकी काही नको.

अपील मी केलं. वरच्यांनी कबुली वाचली, चित्रफीत पाहिली आणि निकाल कायम ठेवला. पण ते नंतरचं. त्या दिवशी खोली रिकामी झाली, तिलेकला मागच्या दारानं गाडीकडे नेलं, आणि मी कागद गोळा करत होते, तेव्हा माझ्या बाहीला कोणीतरी धरलं. बुर्माकान होती. इतकी घट्ट धरली की शिवण उसवली.

"काय गात होता?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी खिडकीशी धावले, पण गाडी निघाली होती.